रंगाखाली राहिलेली पहिली मालकीण

प्रश्न थोडक्यात असा आहे: केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये 15व्या शतकातलं एक प्रार्थनापुस्तक आहे, त्यात नवऱ्याने आधीच्या बायकोच्या चित्रावर दुसऱ्या बायकोचं चित्र काढून घेतलं, हे खरं आहे का, खरं असेल तर इतकं निर्दय कोणी कसं वागतं, आणि आज एवढं सायन्स पुढे गेलंय तर वरचा रंग काढून खालची बाई बाहेर का काढत नाहीत?

मी गेली बावीस वर्षं हस्तलिखितांच्या संवर्धनाचं काम करतेय, आधी आपल्याकडच्या पोथ्या आणि नंतर बरीच वर्षं युरोपातली चर्मपत्रावरची, म्हणजे कमावलेल्या कातड्याच्या पानांवरची पुस्तकं. हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपात सारखा विचारला जातो म्हणून जरा निवांत लिहिते. पहिल्या भागाचं उत्तर, हो, खरं आहे. दुसऱ्याचं उत्तर, ते निर्दय होतं असं मला अजिबात वाटत नाही. आणि तिसऱ्याचं उत्तर, काढता येत नाही, आणि उद्या काढता आलं तरी काढू नये.

आधी माणसं कोण ते सांगते कारण त्याशिवाय चित्रच कळत नाही. पुस्तक ‘इसाबेला स्ट्युअर्टचं प्रार्थनापुस्तक’ या नावाने ओळखलं जातं पण ते तिच्यासाठी बनलंच नव्हतं. ते बनलं 1431च्या आसपास, फ्रान्समधल्या आंजे शहराकडच्या चित्रकारांकडून, आंजूच्या सरदार घराण्यातल्या योलांद नावाच्या मुलीसाठी. तिचं लग्न त्याच वर्षी ब्रिटनीच्या (हा फ्रान्सच्या पश्चिमेकडचा प्रांत) ड्यूकच्या मुलाशी, फ्रान्सिसशी झालं, म्हणजे बहुधा हे लग्नातलं देणं असावं. योलांदच्या आईचं नावही योलांद, योलांद ऑफ अरॅगॉन. फ्रान्सच्या राजाची सासू, जोन ऑफ आर्कच्या मागे उभी राहिलेली जबरदस्त बाई, आणि पुस्तकांची दर्दी. फ्रान्सच्या राजघराण्यातला ड्यूक ऑफ बेरी वारल्यावर त्याचं एक अप्रतिम प्रार्थनापुस्तक तिने विकत घेतलं होतं, आणि आंजूच्या चित्रकारांनी त्यातल्या चित्रांच्या रचना पुढे आपल्या कामात उचलल्या. तेव्हा लेकीला सासरी पाठवताना सोबत पुस्तक जाणार आणि ते साधंसुधं नसणार हे ओघानेच आलं. यात पाचशेहून जास्त चित्रं आहेत! नुसती मोठी चित्रं नाहीत, पानापानाच्या समासात छोटी छोटी चित्रं, आणि ती एका ओळीने गोष्ट सांगत जातात. एका फ्रेंच साधूने 14व्या शतकात माणसाचं आयुष्य म्हणजे एक यात्रा आहे अशा कल्पनेवर लांबलचक काव्य लिहिलं होतं, तो यात्रेकरू या समासातून चालत राहतो, पान उलटलं की तो पुढे गेलेला असतो. वारीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तर योलांद 1440मध्ये वारली, वय अठ्ठावीसच्या आसपास. फ्रान्सिसचं दुसरं लग्न ठरलं स्कॉटलंडच्या राजाच्या, पहिल्या जेम्सच्या मुलीशी, इसाबेलाशी. करार 1441मध्ये झाला, ऑगस्ट 1442मध्ये सासरा वारला आणि फ्रान्सिस ड्यूक झाला, ऑक्टोबर 1442मध्ये लग्न लागलं. मुलगी सोळा वर्षांची, परका देश, परकी भाषा. आणि तिच्या हातात हे पुस्तक आलं.

आता चित्र. मदर मेरी बाळ येशूला घेऊन बसलेली आहे आणि तिच्यापुढे एक बाई गुडघे टेकून हात जोडून आहे. ही गुडघे टेकलेली बाई म्हणजे पुस्तकाची मालकीण, अशी चित्रं या पुस्तकांत नेहमी असतात. मुळात तिथे योलांद होती. तिच्यावरच इसाबेला रंगवली, कपड्यावर ब्रिटनीची खूण म्हणजे पांढऱ्यावर एर्मिनचे (मुंगुसासारख्या एका पांढऱ्या प्राण्याच्या शेपटीच्या टोकांचे) काळे ठिपके आणि तिच्या माहेरचा स्कॉटलंडचा लाल सिंह आला, पाठीशी संत कॅथरीन उभी केली, जणू हीच तिला हाताला धरून मेरीपुढे घेऊन आलीये. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढे आहे. फ्रान्सिस ड्यूक झाल्यावर पुन्हा एकदा ब्रश लावून डोक्यावर सोन्याचा छोटा मुकुट चढवला. म्हणजे एवढ्याशा चित्रात तीन टप्पे आहेत. योलांद, मग ठरलेली नवरी इसाबेला, मग डचेस, म्हणजे ड्यूकची बायको इसाबेला. मधलं काम करार ते राज्यारोहण एवढ्या साधारण वर्षभरातलं असावं असं तारखा समोर ठेवल्या की दिसतं.

हे कळतं कसं? फिट्झविल्यममध्ये पुस्तकाला हात न लावता, त्यातला कणही न काढता तपासण्याचं काम बरीच वर्षं चाललंय, 2016मध्ये त्यांनी रंगांवर मोठं प्रदर्शन भरवलं त्यात दीडशेच्या आसपास हस्तलिखितं होती आणि त्यात हेही होतं. तंत्र म्हणाल तर सर्वात साधं म्हणजे तिरका उजेड. पान अंधारात ठेवायचं, टॉर्च अगदी बाजूने आडवा धरायचा, जिथे रंगाचे दोन थर आहेत तिथे बारीक उंचवटा दिसतो, खालच्या चित्राच्या कडा वरच्या रंगातून नसेसारख्या उठतात. मग इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड. काही रंग इन्फ्रारेडमध्ये पारदर्शक होतात, काही काळेच राहतात. लाजवर्द या निळ्या दगडाचा निळा जवळजवळ नाहीसा होतो पण अ‍ॅझुराइट या तांब्याच्या खनिजाचा निळा काळा दिसतो, म्हणजे डोळ्यांना दोन्ही निळे सारखे वाटले तरी कॅमेऱ्याला वाटत नाहीत. खाली काजळीच्या शाईने काढलेलं स्केच असेल तर तेही वर येतं. एक्स-रे फ्लुरोसन्समध्ये मूलद्रव्यं कळतात, पारा सापडला की हिंगूळ, तांबं सापडलं की अ‍ॅझुराइट किंवा जंगाल हा हिरवा रंग, शिसं सापडलं की सफेदा नाहीतर शेंदूर. वेगवेगळे चित्रकार आपापल्या डबीतले रंग वापरतात, त्यामुळे एकाच चित्रात दोन डब्या सापडल्या की मधे हात बदलला असं समजायचं.

शेंदूरवरून आठवलं. मिनिएचर म्हणजे छोटं चित्र म्हणून ‘मिनी’, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाहीये. लॅटिनमध्ये शेंदराला मिनिअम म्हणायचे, हस्तलिखितातली तांबडी अक्षरं, चित्रं त्याने काढायचे, त्यावरून मिनिएचर. मारुतीला लावतो तोच शेंदूर. आणि त्या काळच्या युरोपातल्या चित्रकारांच्या डबीत आपल्या बाजूच्या गोष्टी खरोखर होत्या, लाखेचा लाल रंग इकडून जायचा, पतंग या झाडाचं लाल रंग देणारं लाकूड व्यापाऱ्यांच्या हातून हिंदुस्थान आणि पूर्वेकडून तिकडे पोचायचं, लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला. शाई मायफळ आणि हिराकस यांची. बाळाच्या गुटीत आजी उगाळते तेच मायफळ. मी पहिल्यांदा ही शाई बनवायला शिकले तेव्हा त्या वासाने मला एकदम घरच्या सहाणेची आठवण आली होती.

आता निर्दयपणाचं. हा प्रश्न येतो कारण आपण ते चित्र पोर्ट्रेट समजतो, आठवण म्हणून काढलेला फोटो समजतो आणि मग वाटतं की मेलेल्या बाईचा फोटो फाडून दुसरीचा चिकटवला. पण ते चित्र आठवणीसाठी नव्हतंच, ते वापरायचं होतं. या पुस्तकाला बुक ऑफ अवर्स म्हणतात, दिवसाचे आठ प्रहर, प्रत्येक प्रहराची प्रार्थना, मठातले लोक म्हणायचे त्याच धर्तीची घरात बसून बायकांनी, पुरुषांनीही म्हणायची. पान उघडायचं, गुडघे टेकायचे, समोर चित्रात आपणच गुडघे टेकलेल्या, आणि चित्रातली आपण मेरीच्या इतकी जवळ आहोत की हात लांब केला तर बाळाला लागेल. आता विचार करा, इसाबेलाने रोज सकाळी योलांदला मेरीपुढे बसलेलं बघत प्रार्थना कशी म्हणायची? ती जागा ‘मी’ची आहे. ‘मी’ म्हणणारी बाई बदलली की चित्र बदलायलाच हवं.

आणि हे ‘मी’ भाषेतही असतं, आपल्याला हे इंग्रजांपेक्षा लवकर कळतं कारण आपणही करतो आणि करते वेगळं बोलतो. या पुस्तकांत मेरीला विनवणी करणारी एक ठरावीक लॅटिन प्रार्थना असते, तिची सुरुवात होते ‘ओबसेक्रो ते’, मी तुला विनवते. त्यात पुढे मालक पुरुष असेल तर तुझा दास असं रूप येतं आणि बाई असेल तर तुझी दासी. पुष्कळ वेळा लेखनिकाने सवयीने पुल्लिंगी लिहिलेलं असतं, बाईसाठी ऑर्डर असली तरी. आणि कधी कधी नंतरच्या कोणीतरी शेवटची अक्षरं चाकूने खरवडून स्त्रीलिंगी केलेली असतात. चर्मपत्र खरवडलं की तिथे जरा लव येते, नवी शाई किंचित फुटते, बोटाच्या टोकाला कळतं. मी अशी दोन अक्षरं भिंगाखाली पाहिली होती, कुणाची ते त्या पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण तेवढ्या खरवडीवरून मला त्या बाईची ओळख पटली.

पुस्तक बाईकडून बाईकडे जाणं ही तेव्हा अगदी नेहमीची गोष्ट होती, आपल्याकडे पाटल्या आणि नथ जाते तशी. जमीन, किल्ला, पदवी पुरुषांकडे जायची, पण हातात मावणारं, पेटीत घालून सासरी नेता येणारं हे बाईचं. मुली वाचायलाही बहुधा यावरूनच शिकायच्या. म्हणून या पुस्तकांचा इतिहास लिहिताना राजांच्या याद्या घेऊन बसलं तर अर्धं हातातून निसटतं.

एक इंग्लंडमधलं उदाहरण सांगते, ब्रिटिश लायब्ररीत आहे, बोफर्ट घराण्याचं. आधी मार्गारेट बोशँप हिचं, मग तिच्या मुलीकडे आलं, लेडी मार्गारेट बोफर्टकडे. या मुलीला वयाच्या तेराव्या वर्षी मूल झालं, बाप जन्माआधीच वारलेला, आणि तो मुलगा पुढे इंग्लंडचा राजा सातवा हेन्री झाला. प्रत्येक प्रार्थनापुस्तकात सुरुवातीला पंचांगासारखं कॅलेंडर असतं, कुठल्या दिवशी कुठला संत. या पुस्तकाच्या कॅलेंडरमध्ये संतांच्या शेजारी घरच्या नोंदी आहेत, जन्म आहेत, मृत्यू आहेत आणि तिचा मुलगा वेल्समधल्या मिलफर्ड हेवनला सैन्य घेऊन उतरला तो दिवस आणि 1485ची, त्याला राजा करणारी बॉसवर्थची लढाईही आहे. एका राजवंशाचा जन्म, पण नोंद कुठे, तर आईच्या प्रार्थनेच्या वहीत. आपल्याकडे जुन्या पंचांगाच्या कोऱ्या जागेत ‘आज धाकट्याला ताप’ लिहिलेलं सापडतं त्याच हाताने आणि त्याच काळजीने लिहिलेलं हे.

पण मालकिणींच्या साखळीचं माझं सर्वात आवडतं पुस्तक याहून जुनं आहे, इटलीत चिविदाले देल फ्रिऊली या छोट्या गावच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ते मुळात कुठल्याच बाईसाठी नव्हतं. जर्मनीतल्या ट्रियरचा आर्चबिशप, म्हणजे मोठा धर्माधिकारी, एगबर्ट, त्याची कारकीर्द 977 ते 993, त्याच्यासाठी बनलेलं स्तोत्रांचं पुस्तक. त्यात रुओडप्रेख्त नावाचा साधू त्याला पुस्तक देतोय असं चित्र आहे. मग पन्नासेक वर्षांनी ते पोलंडच्या राजाच्या मुलीकडे, गेर्ट्रुडकडे आलेलं दिसतं. तिचं लग्न कीव्हच्या राजपुत्राशी, इझियास्लावशी झालं. त्याला 1068मध्ये आणि पुन्हा 1073मध्ये कीव्ह सोडून पळावं लागलं आणि ही बाई त्याच्याबरोबर वणवण फिरली. या काळात तिने पुस्तकाला पानं जोडून घेतली आणि लॅटिनमध्ये स्वतःच्या प्रार्थना लिहवून घेतल्या, नव्वदच्या आसपास आहेत, त्यातल्या कितीतरी मुलासाठी. मुलाचं नाव यारोपोल्क, बाप्तिस्म्याचं नाव पीटर, म्हणून संत पीटरपुढे गाऱ्हाणं. एका चित्रात यारोपोल्क आणि त्याची बायको पीटरपुढे उभे आहेत आणि एक बाई पीटरच्या पायावर डोकं टेकून वाकलीये, पाय धरलेत. तिच्याजवळ नाव काय लिहिलंय तर ‘यारोपोल्कची आई’. बस. राजाची मुलगी, राजाची बायको, प्रार्थनांत स्वतःचं गेर्ट्रुड हे नाव आहे, पण या चित्रात ती अमक्याची आई आहे, आपल्या चाळीत बायका एकमेकींना हाक मारायच्या तशी. मुलगा 1086च्या सुमारास मारला गेला. ती त्यानंतर वीसेक वर्षं जगली. आणि ती पानं तिच्याजवळ होती.

तिच्यानंतर पुस्तक पोलंड आणि जर्मनीतल्या राजघराण्यांतून, लग्नांच्या वाटेने फिरत राहिलं आणि शेवटी हंगेरीच्या राजकन्येकडे, पुढे संत झालेल्या एलिझाबेथकडे पोचलं. तिने 1229मध्ये ते चिविदालेच्या चर्चला दिलं, तिचा मामा त्या भागाचा मोठा धर्माधिकारी होता. दोन वर्षांनी ती वारली, चोविसाव्या वर्षी. तिथून पुढे पुस्तकाचा प्रवास थांबला. बघा, इथे कोणी कोणाला पुसलं नाही, पानं जोडली. त्या पुस्तकात भर घातली, इसाबेलाच्या पुस्तकात वर रंग चढवला, पण दोन्हीकडे गरज तीच, या पुस्तकात मी असले पाहिजे.

आता शेवटचा भाग, खालची योलांद बाहेर का काढत नाहीत. ऑइल पेंटिंगमध्ये नंतरचा रंग उतरवल्याचे व्हिडिओ लोक बघतात आणि तसंच इथे होईल असं वाटतं. तिथे ते जमतं कारण मूळ तेलरंग शे-दोनशे वर्षांत कडक होतो, बऱ्याचदा मधे वार्निशचा थर असतो आणि वरचा नवा रंग विरघळवेल पण खालचा विरघळवणार नाही असा द्रव शोधता येतो. हस्तलिखितात रंग बांधलेला असतो डिंकात नाहीतर अंड्याच्या पांढऱ्यात. वरचाही आणि खालचाही. दहा-बारा वर्षांच्याच अंतराने, तशाच चिकट मालाने. वरच्याला जे विरघळवेल ते खालच्यालाही विरघळवणार. शिवाय चर्मपत्र म्हणजे कातडं, त्याला ओल लागली की ते फुगतं, आकसतं, आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा उडतो. म्हणजे तुम्ही इसाबेला घालवाल, योलांद मिळणार नाही आणि पान वाकडं होईल ते वेगळंच.

आणि समजा उद्या लेझरने की कशाने जमलंच. तरी माझं मत नाही. कारण इसाबेला ही योलांदवर चढलेली घाण नाहीये. ती त्या पुस्तकाची खरी मालकीण होती, 1450मध्ये विधवा झाली, दोन मुली पदरात, भाऊ स्कॉटलंडचा राजा परत ये, दुसरं लग्न कर म्हणून मागे लागला तरी गेली नाही, ब्रिटनीतच राहिली आणि पुढे चाळीसहून जास्त वर्षं जगली. एवढं आयुष्य असलेल्या बाईला ‘नंतरचा थर’ म्हणून खरवडायचा अधिकार मला कोणी दिला? आणि योलांद आहे की तिथेच, रंगाखाली, सुरक्षित. उजेड लागत नाही, बोटं लागत नाहीत. खरं सांगायचं तर तिला झाकणाऱ्या रंगानेच तिला जपलंय.

हे मी इतकं ठासून सांगते कारण एकदा उलटं झालेलं बघितलंय. एका खासगी संग्रहातलं 15व्या शतकातलं प्रार्थनापुस्तक माझ्याकडे तपासायला आलं होतं, छोटं, तळहाताएवढं. पानं इतकी गोरीपान की मला आधी आनंद झाला आणि मग पोटात खड्डा पडला. कोणीतरी आधी ‘स्वच्छ’ केलं होतं. खालच्या कोपऱ्यातला, जिथे अंगठा टेकवून पान धरतात तिथला मळ सगळा पुसलेला. आता तो मळ म्हणजे काय? तो त्या बाईचा अंगठा आहे. जी प्रार्थना रोज म्हणायची तिथे जास्त काळा, जी कधीच उघडली नाही तिथे कोरा. सेंट अँड्र्यूज युनिव्हर्सिटीतल्या कॅथरिन रुडी यांनी तर डेन्सिटोमीटर हे छपाईत वापरायचं यंत्र घेऊन प्रत्येक पानाचा काळेपणा मोजला आणि कोणतं पुस्तक कुठे उघडलं जायचं ते दाखवून दिलं. माझ्यासमोरच्या त्या पुस्तकात नाव नव्हतं, ढाल-चिन्ह नव्हतं, गुडघे टेकलेलं चित्रही नव्हतं, मालकिणीचा एवढाच पुरावा होता आणि तो कोणीतरी ओल्या बोळ्याने पुसून टाकला होता. त्यात वाईट हेतू नव्हता, कौतुकानेच केलं होतं. पण ते आता कोणालाच परत आणता येणार नाही, मलाही नाही.

तेव्हा इसाबेलाच्या चित्राबाबत आम्ही लोक काय करतो तर काहीच करत नाही, फक्त बघतो. फिट्झविल्यमचं तर आणखी सोपं आहे, ज्या लॉर्डने 1816मध्ये मृत्युपत्राने आपला संग्रह केंब्रिज विद्यापीठाला दिला त्याची अट होती की त्याच्या वस्तू इमारतीबाहेर जायच्या नाहीत, म्हणून पुस्तक लॅबमध्ये जात नाही, यंत्रं पुस्तकाकडे येतात. प्रश्न विचारणाऱ्यांना एवढंच सांगेन की या चित्राचा मोठा फोटो मिळाला तर आधी मुकुट बघा, आजूबाजूच्या रंगावर तो कसा वरून बसलाय ते दिसतं का बघा, मग कपड्यावरचे ठिपके आणि सिंह बघा, आणि मग जोडलेल्या हातांकडे या. ती हात जोडायची जागा योलांदची आहे.